फॉरमॅट मारावा लागेल!

पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तीन वाक्यं अशी आहेत, की ती एकदा कानावर पडली की पुढे बोलणंच खुंटतं. पहिलं, "माल निघालाय, गाडी तळेगाव चौकात अडकलीय." दुसरं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आणि तिसरं, "फॉरमॅट मारावा लागेल." पहिल्या दोन वाक्यांविषयी माझी तक्रार नाही. चाकणचा तळेगाव चौक ज्याने एकदा पाहिलाय त्याला तिथे गाडी अडकते हे शपथेवर सांगावं लागत नाही; आणि साहेब मीटिंगमध्ये नसतील तर त्यांना साहेब कशाला म्हणायचं? माझं वैर आहे ते तिसऱ्या वाक्याशी. निवृत्तीनंतर प्रत्येकाने आयुष्यात काहीतरी ध्येय ठेवावं म्हणतात. मी हे ठेवलंय. आमच्या हिचं मत असं, की त्यापेक्षा सकाळी फिरायला गेलात तर साखर तरी आटोक्यात येईल.

ज्या भाग्यवंतांवर हा प्रसंग अजून गुदरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. घरातला किंवा ऑफिसातला टेबलावरचा कॉम्प्युटर एके दिवशी कुरकुरू लागतो. चालता चालता गोठतो. मध्येच पडदा रंग बदलतो आणि इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करतो. हा पडदा इतकी वर्षं निळा होता, २०२५ मध्ये विंडोजवाल्यांनी तो काळा केला. एवढीच त्या बाबतीतली प्रगती. गंमत म्हणजे दर वेळी दिलगिरीचं कारण वेगळं असतं. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं. लग्नाला न आलेल्या पाहुण्यासारखं. एखादा फोटो अर्धा उघडतो आणि अर्ध्याच्या खाली नुसता करडा चौकोन. मग आपण कॉम्प्युटरवाल्याला फोन करतो.

तो येतो. पाठीला सॅक, कानात फोन. सॅकमध्ये स्क्रूड्रायव्हर असतो, पण तो देवघरातल्या शंखासारखा. आहे म्हणून ठेवलेला, वाजवणार कोण? डबा उघडण्याच्या भानगडीत तो पडत नाही. बटण दाबतो, पडद्याकडे दीड मिनिट पाहतो, अतिदक्षता विभागातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखी मान हलवतो आणि म्हणतो, "विंडोज करप्ट झालंय, काका. फॉरमॅट मारावा लागेल."

यातलं 'मारावा' हे क्रियापद बघा. आपल्याकडे थाप मारतात, डल्ला मारतात, दांडी मारतात. विचार न करता करायच्या बहुतेक गोष्टी मराठी माणूस 'मारतो'. फॉरमॅट त्याच पंगतीतला. दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी दाताकडे न बघता सांगितलं, "पुनर्जन्म घ्यावा लागेल. दोन तासांत देतो. मागच्या जन्मातलं काही ठेवायचं असेल तर आत्ताच सांगा," तर तुम्ही काय म्हणाल? कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, "बरं, चहा घेणार ना?"

आता आरोपीचा परिचय करून देतो. माझा आरोप असा, की असल्या कुरकुरीत पुष्कळदा गुन्हेगार निघते ती रॅम, म्हणजे मदरबोर्डवर उभी खोचलेली ती हिरवी किंवा काळी, बोटभर उंचीची पट्टी. हिलाच मेमरी म्हणतात. कॉम्प्युटर हातातलं काम करताना जे जे तात्पुरतं लक्षात ठेवतो, ते हिच्यात. आठ जीबीच्या पट्टीत सुमारे ६,८७० कोटी इवलीशी भांडी असतात. भांडं भरलेलं म्हणजे एक, रिकामं म्हणजे शून्य. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला १९६८ मध्ये या युक्तीचं पेटंट मिळालं. युक्ती नामी, पण तीत एक गोम आहे. ही सगळी भांडी गळकी असतात. त्यांतली वीज सतत झिरपून जाते, म्हणून कॉम्प्युटरला दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, ती सगळी भांडी तपासून पुन्हा भरावी लागतात. २०१९ च्या नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा ज्यांनी घरातली प्रत्येक बादली, पातेलं आणि तांब्या भरून ठेवला, त्यांना हा खटाटोप लगेच कळेल. आता ६,८७० कोटी भांड्यांत एखादं जरा जास्तच गळकं निघालं, तर एकाचं शून्य होतं. तेवढ्याने हिशेब बदलतो, फोटो करडा होतो, विंडोज गोंधळतं. विंडोज बिचारं साक्षीदार असतं. आपण फाशी त्याला देतो आणि आरोपी पट्टी जागच्या जागी खोचलेली राहते.

हे सगळं दुसऱ्या कुठल्या गावी घडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण हे घडतं कुठे? पिंपरीत! जिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशाला पेनिसिलिन मिळू लागलं, तिथे. पेनिसिलिन टोचण्यापूर्वी आधी थोडंसं देऊन बघायचं असतं, हे इथल्या जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे या माळरानावर शेडमागून शेड उभी राहिली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा तर आमच्या शब्दसंग्रहात जर्मन शिस्तीचीही भर पडली. इथे भोकात घालायच्या गेजला एक बाजू 'गो' आणि दुसरी 'नो गो' असते, तिसरी 'चालतंय की' नसते. एका पार्टवर ओरखडा दिसला की मोठी कंपनी छोट्या सप्लायरला विचारते, ओरखडा का आला? मशीनवर का आला? त्या शिफ्टलाच का आला? असं पाच वेळा 'का' विचारून झाल्यावर सप्लायर आठ कलमांचा अहवाल लिहितो. मी स्वतः तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली आहेत. "जॉब खराब झालाय, कारखाना पाडून नवीन बांधू," असं सुचवणारा एकही इसम मला त्या काळात भेटला नाही. आणि ज्या कॉम्प्युटरवर तो आठ कलमांचा अहवाल टाइप होतो, तो बिघडला की? फॉरमॅट मारा!

आमच्या हिच्या भावाचं भोसरीत वर्कशॉप आहे. चार सीएनसी लेथ, अकरा माणसं आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर. त्या एका कॉम्प्युटरवर बिलं, चलनं, हिशेब आणि सगळी ड्रॉइंग्ज. त्या कॉम्प्युटरला चार महिन्यांत तीन वेळा फॉरमॅट मारला गेला. पहिल्या वेळी तो पाच दिवस गुण्यागोविंदाने चालला. दुसऱ्या वेळी तीन दिवस. यात चमत्कार काही नाही. नवं कोरं विंडोज हलकं असतं, सगळ्या मेमरीला ते हात लावत नाही. सडका कोपरा वापरात येईतो सारं ठीक. तो आला की पहिले पाढे पंचावन्न. उलट खराब मेमरीतूनच नवं विंडोज बसवलं, तर बसवतानाच त्याच्या फायली बिघडू शकतात. भाड्याचं घर नासकं म्हणून भाडेकरू बदलत राहावं, तसला हा प्रकार.

तिसऱ्या वेळी कॉम्प्युटरवाल्याने "मुळापासूनच साफ करतो" म्हणत सगळी डिस्क पुसली. त्यात माझ्या सासऱ्यांनी हाताने काढलेल्या फिक्श्चरच्या ड्रॉइंग्जचे स्कॅन होते. मूळ कागदांना वाळवी लागली होती, म्हणून तर ते स्कॅन करून ठेवले होते. मेहुण्यांना बॅकअपची अक्कल होती. त्यांनी आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं होतं. पण तेही उतरलं याच मेमरीतून! चाळीस ड्रॉइंग्जपैकी नऊ उघडेनात. त्यांपैकी एक सासऱ्यांचं पहिलं फिक्श्चर, ज्याच्यावर वर्कशॉपची पहिली ऑर्डर निघाली होती. मेहुणे मला म्हणाले, "दाजी, पैशाचं काही नाही हो. पण अण्णांचं अक्षर होतं त्याच्यावर." मी विनोदी लिहितो, पण त्या वाक्यावर मला आजही विनोद सुचलेला नाही.

रोगाचं निदान अखेर कोणी केलं? त्यांच्याच शॉप फ्लोअरवरच्या सेटर पोराने. तो म्हणाला, "साहेब, जॉबला टेपर यायला लागला तर आपण मशीन विकतो का? आधी टेलस्टॉक बघतो. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशाने सुधारलं ते कळणार कसं?" सगळ्या दोषशोधनाचं शास्त्र या पोराने तीन वाक्यांत सांगितलं. मी त्याला तिथल्या तिथे वडापाव खाऊ घातला. विद्यापीठात असता तर शाल-श्रीफळावर भागलं असतं.

त्याने जे केलं ते कुणालाही करता येतं, म्हणून लिहून ठेवतो. कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून काढली आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज संपवली. डबा उघडून आधी त्याच्या पत्र्याला हात लावला, कारण अंगावरची स्थिर वीज पट्टीला मारक असते, विशेषतः थंडीतल्या कोरड्या हवेत. आत भोसरीची धूळ इतकी, की तीत मेथी उगवली असती. ती त्याने ब्रशने हलकेच काढली. मग दोन्ही रॅम क्लिपा उघडून बाहेर काढल्या. खालच्या सोनेरी दातांवर धूळ आणि ओल बसून कळकट थर चढला होता. तो मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसला आणि खोडरबराचा चुराही झटकला. नुसत्या एवढ्यानेही पुष्कळ कॉम्प्युटर ताळ्यावर येतात, बरं का! पट्टी बिघडलेलीच नसते, नीट टेकलेली नसते. परत बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवायचा आणि क्लिप 'टक्' म्हणेपर्यंत दाबायचं. 'टक्' झालं नाही तर ती बसलेली नाही. यात मतभेदाला जागा नाही.

मग खरी परीक्षा. एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. पहिली लावून मेमरीची चाचणी चालवली. ती काढून त्याच जागी दुसरी लावली आणि तीच चाचणी. चाचणीचा प्रोग्राम फुकट मिळतो. मेमटेस्ट ८६ हा १९९४ पासून आहे, आणि विंडोजमध्येही व्हिस्टाच्या काळापासून मेमरी तपासणारं अवजार घरातच बसलेलं आहे. त्याला कोणी हाक मारत नाही एवढंच. रात्री चाचणी लावून मंडळी घरी गेली. सकाळी पहिल्या पट्टीचा निकाल निर्मळ होता. दुसऱ्या रात्रीनंतर दुसऱ्या पट्टीच्या निकालावर लाल ओळींचा सडा! चांगली पट्टी मग दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहिली. तिथेही ती चालली. म्हणजे स्लॉट निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष, विंडोज तर सहा वेळा निर्दोष. दोषी एक पट्टी. दोन रात्री आणि एक खोडरबर, एवढ्यावर खटल्याचा निकाल लागला.

आणि हो, लाल ओळ एकच आली तरी ती नापासच. "साठ अब्जांत एकच चुकलं ना, चालायचंच," असं म्हणणारे लोक मला भेटतात. तुमच्या बँकेच्या खात्यात एकच शून्य कमी झालं तर चालेल का, एवढंच मी त्यांना विचारतो. फक्त पट्टीला दोषी ठरवण्यापूर्वी तिला बायॉसमध्ये कुणी जादा वेगाने पळायला लावलंय का, तेवढं पाहावं. लावलं असेल तर तिला मूळ चालीवर आणून पुन्हा तपासावं. धाप लागलेल्या माणसाला रोगी म्हणू नये. मात्र डिस्कमधला ऐवज आधी वाचवायचा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट कॉम्प्युटरला जोडावी आणि मग नक्कल करावी. गळक्या भांड्याने पाणी उपसू नये.

"एवढ्याशा पट्टीचं एवढं काय?" असं विचारणाऱ्यांसाठी बेल्जियमची गोष्ट सांगतो. १८ मे २००३ रोजी ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. मिळू शकतील त्याहून जास्त झाली, म्हणून तर चोरी उघडकीला आली. तपासात प्रोग्राममध्ये खोट सापडली नाही. तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला, की मेमरीतल्या एका भांड्यात शून्याचा आपोआप एक झाला असावा. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एका भांड्याची नेमकी किंमत. आपल्याकडे मतं वाढवायला किती माणसं राबतात! २००९ मध्ये गूगल आणि टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या हजारो सर्व्हरांचा सुमारे अडीच वर्षांचा लेखाजोखा मांडला. दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत निदान एक चूक आढळली होती. फरक इतकाच, की त्या सर्व्हरांत चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी असते. त्यामागचं गणित रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडलं. तुमच्या-आमच्या टेबलावरच्या डब्यात ती सोय सहसा नसते, कारण त्यासाठी चार पैसे जास्त पडतात. म्हणजे श्रीमंतांची मेमरी चुकली तर कबूल करते, आपली चुकली तर बेधडक खोटं बोलते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांचाच कॉम्प्युटर २०२२ मध्ये असा फसवू लागला, आणि त्यांच्यासारख्या माणसालाही आधी संशय आला तो प्रोग्रामचा. दोषी निघाली पट्टी. त्यांनी फॉरमॅट मारल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आता प्रतिपक्षाची बाजू, कारण आमच्या इन्स्पेक्शनमध्ये सप्लायरला बोलू देण्याची पद्धत होती. मी एका कॉम्प्युटरवाल्या पोराला गाठून विचारलं, "का रे बाबा, चाचणी का लावत नाहीस?"

तो म्हणाला, "काका, लावतो की! पण रात्रभर चाचणी लावली तर गिऱ्हाईक सकाळी विचारतं, तू केलंस काय? पैसे कशाचे? फॉरमॅट मारला की नवा वॉलपेपर दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि पैसे लगेच देतं. रॅम घासून दिली तर म्हणतात, खोडरबराचे पाचशे?"

मला काही बोलता येईना. हे पोरगं खरं बोलत होतं. आपण पैसे देतो ते धडपडीचे, निदानाचे देत नाही. डॉक्टरने औषध न देता "काही झालेलं नाही, घरी जा" म्हटलं तर फी जड जाते. चार रंगीत गोळ्या दिल्या की हात खिशाकडे आपोआप वळतो. फॉरमॅट ही कॉम्प्युटरवाल्याची रंगीत गोळी आहे आणि ती मागणारे आपणच आहोत. शोधायला लागलेल्या वेळेचे पैसे द्यायला आपण शिकलो नाही, तोवर शोधणारी माणसं आपल्याला मिळायची नाहीत. कारखान्यात इन्स्पेक्टरला पगार असतो. तो एकही नग बनवत नाही, फक्त सांगतो की हा चांगला आणि हा वाईट. त्या पगारावर माझं घर चाललं, मुलं शिकली. तेव्हा निदानाला किंमत असते हे मी तरी नाकारू शकत नाही.

व्यवहाराचंही बोलू. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायचा सपाटा लावला आणि साध्या पट्टीचे भाव भडकले. तेव्हा चांगली पट्टी संशयावरून बदलणं परवडत नाही, आणि खराब पट्टी फेकून देण्यापूर्वी तिच्यावरचं स्टिकर वाचावं. बऱ्याच नामांकित पट्ट्यांना अनेक वर्षांची वॉरंटी असते. मेहुण्यांच्या दोषी पट्टीला होती. तिच्या जागी दुसरी फुकट आली. चार महिन्यांत तीन फॉरमॅटचे पैसे गेले आणि खरं औषध बिनपैशाचं निघालं.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी "फॉरमॅट मारावा लागेल" हे वाक्य ऐकलंत तर चहा आणायला आत जाऊ नका. समोर उभे राहा आणि फक्त "का?" विचारा. तो म्हणेल, विंडोज करप्ट झालंय. पुन्हा विचारा, का झालंय? तिसऱ्या 'का'ला तो सॅकमधला स्क्रूड्रायव्हर शोधू लागेल. तो सापडला की मग खुशाल चहा टाका, आणि निघताना त्या शोधण्याचे पैसे घासाघीस न करता द्या.